घाट आणि गिअर

पुण्याच्या माणसाला सायकलीविषयी कोणी चार गोष्टी शिकवू लागले, की त्याला ते मुळीच सहन होत नाही. एके काळी हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि मी त्याच काळात वाढलेला आहे. शाळा सायकलीवर, मंडई सायकलीवर, दळणाचा डबा सायकलीवर. दिवा नाही म्हणून हवालदाराने चाकातली हवा सोडलेली आणि घरी ‘पंक्चर झाली’ म्हणून सांगितलेले. इतक्या अनुभवानंतर वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी इटलीतल्या एका खेडेगावात सायकल भाड्याने देणाऱ्या मिस्त्रीने मला विचारले, “गिअर कोणता लावू?” तेव्हा मी जरा घुश्श्यातच म्हणालो, “जो असेल तो.”

मिस्त्री हसला. तो माझ्याकडे पाहून नव्हे, माझ्या मागे दिसणाऱ्या डोंगराकडे पाहून हसला, हे मला नंतर कळले.

ही गोष्ट २०२४ च्या जूनमधली. माझी भाची मुग्धा त्रिएस्तेला एका संशोधनसंस्थेत काम करते. “मामा, तुम्ही रोम आणि व्हेनिस पाहून परत जाल तर मी तुमच्याशी बोलणार नाही. ती सगळेच पाहतात. तुम्हांला मी आमचे डोंगर दाखवते,” असे तिने पत्रात नव्हे, हल्लीच्या रीतीप्रमाणे फोनवर बजावले होते. ‘आमचे डोंगर’ म्हणजे इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातले आल्प्स. एका बाजूला ऑस्ट्रिया, दुसऱ्या बाजूला स्लोव्हेनिया. त्यातल्या एका भागाला कार्निया म्हणतात. उतरती छपरे, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, कुरणांत घंटा वाजवीत चरणाऱ्या गाई, आणि जेवायला ‘फ्रिको’ नावाचा पदार्थ. बटाटा आणि चीज तव्यावर खरपूस भाजून केलेला. थालीपिठावर वाढलेल्या माणसाला तो परका वाटायचे कारण नाही. मी दोन मागवले.

मुग्धाला सायकल-शर्यतींचे विलक्षण वेड. पहिल्या दिवशी तिने मला लुस्सारीच्या डोंगरावर नेले. आम्ही पाळण्यात बसून वर गेलो. माथ्यावर एक जुने देवीचे देऊळ, म्हणजे मेरीमातेचे चर्च, आणि त्याला बिलगून दुकाने, खाणावळी, धर्मशाळा. आपल्याकडच्या एखाद्या गडावरच्या देवस्थानाची आठवण व्हावी असा थाट. तीन देशांच्या सीमेवरचे ठिकाण, त्यामुळे इटालियन, जर्मन आणि स्लोव्हेनियन अशा तिन्ही भाषांतले भाविक इथे येतात. पण मुग्धा मला देवळात न नेता खालच्या बाजूने चढत येणाऱ्या एका चिंचोळ्या रस्त्याकडे घेऊन गेली.

“मामा, चेन पडली ती या रस्त्यावर!”

मला वाटले, कोणाची तरी सोन्याची चेन पडली असावी. मी खाली वाकून पाहूही लागलो. मग तिने सांगितले ते असे.

२७ मे २०२३. ‘जिरो द’इतालिया’ या तीन आठवड्यांच्या शर्यतीचा शेवटून दुसरा दिवस. त्या दिवशी प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी स्पर्धा करीत हा डोंगर चढायचा होता. अंतर १८.६ किलोमीटर, आणि त्यातली शेवटची सुमारे सात किलोमीटर सरासरी बारा टक्के चढाची. बारा टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की बारा मीटर वर. वेल्सचा गेरेंट थॉमस पहिला होता. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच त्याच्यामागे अवघे सव्वीस सेकंद. हा रोग्लिच पूर्वी बर्फावरून उड्या मारणारा खेळाडू, सायकलीकडे उशिरा वळलेला. २०२० साली फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत तो सत्तावन्न सेकंदांनी पुढे होता, आणि शेवटून दुसऱ्याच दिवशी, असल्याच एकट्याने चढायच्या डोंगरावर, त्याच्या हातून ती शर्यत गेली होती. म्हणजे नशिबाने त्याला पुन्हा त्याच पाटावर आणून बसवले होते.

या खेपेला त्याने तयारी वेगळी केली होती. सपाटीवर एक सायकल आणि चढ लागताच दुसरी. आणि त्या दुसऱ्या सायकलीला पुढे एकच चक्री व मागे सर्वांत मोठी चक्री चव्वेचाळीस दात्यांची! मागची चक्री पुढचीपेक्षा मोठी. रस्त्यावरच्या शर्यतीत पूर्वी असली सायकल कोणी आणली असती, तर लोकांनी विचारले असते, “काय, भाजी आणायला निघालात?”

“आणि मग?” मी विचारले.

“मग ऐन चढात सायकल एका खाचेवर आदळली आणि चेन सुटली. तो उतरला. हाताने चेन बसवली. मागून त्याचा मिस्त्री मोटारसायकलवरून उतरून धावला. शेजारी उभ्या प्रेक्षकांतला एक जण त्याला ढकलीत पळत सुटला. तो कोण होता ठाऊक आहे? तरुणपणी याच रोग्लिचबरोबर बर्फावर उड्या मारणाऱ्या संघातला त्याचा जुना सोबती!”

“हरला असेल बिचारा.”

“चाळीस सेकंदांनी जिंकला, मामा! आणि सगळी शर्यत चौदा सेकंदांनी.”

तीन आठवडे आणि साडेतीन हजारांच्या घरातली किलोमीटर, आणि फरक चौदा सेकंदांचा. आपल्याकडे चौदा सेकंदांत चहाचा कपसुद्धा बशीत ओतून होत नाही.

संध्याकाळी खाणावळीत मुग्धाने कागदी रुमालावर मला गिअरचे गणित घालून दाखवले. वाचकहो, ते मी तुम्हांला थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढची मजा नाही.

पुढच्या चक्रीचे दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते. येईल तितके फेरे मागचे चाक पायडलच्या एका फेऱ्यात घेते. चाकाचा घेर सुमारे दोन मीटर दहा सेंटीमीटर धरा. पुढे त्रेपन्न आणि मागे अकरा असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल दहा मीटर पळते. हे सपाटीवरचे श्रीमंती काम. पुढे चौतीस आणि मागे चौतीस असतील, तर एका फेऱ्यात फक्त दोन मीटरांहून किंचित जास्त. डोंगर चढायचे एकूण काम दोन्ही वेळी तेवढेच. फरक इतकाच, की मोठ्या गिअरमध्ये पैसे एकरकमी मोजायचे आणि लहान गिअरमध्ये हप्त्याहप्त्याने. ज्याच्या गाठीला रोकड आहे त्याने एकरकमी मोजावे. आपण मध्यमवर्गीय माणसे. आपल्याला हप्तेबंदीचे महत्त्व कोणी समजावून सांगायला नको.

“पण हे तर जगातले सर्वांत तगडे लोक,” मी म्हटले. “यांना हप्ते कशाला?”

“कारण त्यांनाही उद्या पुन्हा चढायचे असते,” मुग्धा म्हणाली. तिने हिशेब पुढे चालवला. कसलेला गडी पंधरा टक्क्यांच्या चढावर ताशी बारा किलोमीटर चालला, तर पुढे चौतीस आणि मागे बत्तीस दात्यांवर त्याचे पाय मिनिटाला नव्वद फेरे घेतात. हीच त्यांची सपाटीवरची लय. तोच गडी पुढे एकोणचाळीस आणि मागे तेवीस दात्यांवर चढू लागला, तर फेरे होतात छप्पन्न. प्रत्येक फेऱ्याला मांड्यांवर ओझे दीडपटीहून जास्त. वेग तोच, पण गुडघे कुरकुरू लागतात. १९८० च्या दशकात पुढची लहान चक्रीच बहुधा बेचाळीस दात्यांची असे. मग एकोणचाळीस आली, मग छत्तीस, चौतीस. मागची चक्री मात्र तेवीस-चोवीसवरून बत्तीस-चौतीसवर गेली. आणि वाटते तितके हे सोपेही नाही. फार लहान गिअर घेतला, तर पाय गरगर फिरतात आणि सायकल जागच्या जागी. मागच्या चक्र्यांत फार अंतर ठेवले, तर एका गिअरवरून दुसऱ्यावर जाताना लय मोडते. आणि भर चढात, चेनवर सगळा जोर असताना गिअर बदलायला जावे, तर ती रुसून बसते. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी मिस्त्री आणि स्वार डोंगराचा नकाशा पुढे ठेवून, लग्नाच्या याद्या कराव्यात तशा दात्यांच्या याद्या करीत बसतात.

या लहान गिअरला प्रतिष्ठा मात्र सहजासहजी मिळाली नाही. फ्रान्सची शर्यत सुरू करणारे आँरी देग्रांज हे मोठे करारी गृहस्थ. १९०२ साली त्यांनी लिहून ठेवले, की गिअर बदलण्याची सोय ही पंचेचाळीस वर्षांवरच्या माणसांसाठी ठीक. खऱ्या मर्दाने एकाच गिअरवर आपल्या स्नायूंनी जिंकावे. त्याच देशात सेंत-एतिएन गावी पॉल द विवी नावाचा एक रेशमाचा व्यापारी सायकलींवर मासिक काढून अगदी उलट सांगत होता, की बाबांनो, डोंगराला अहंकार नसतो, तुम्हीच कशाला बाळगता? पण नियम देग्रांजांच्या हातात होते. १९१० साली शर्यत पिरेनीज पर्वतात तूर्मालेच्या खिंडीवर, २११५ मीटरांवर नेली, तीसुद्धा बिनगिअरच्या सायकलींवर. पुढे मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन चक्र्या बसवू लागले. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक सोडवून उलटे बसवायचे, आणि माथ्यावर पुन्हा तेच. १९२७ साली इटलीतल्या क्रोचे द’आउने या खिंडीत तुल्लिओ काम्पान्योलो नावाच्या तरुणाची बोटे थंडीने अशी आखडली, की त्याला चाकाच्या नटा सुटेनात, आणि हातची शर्यत गेली, असे सांगतात. त्या चिडीतून त्याने दांडी ओढताच चाक सुटेल अशी युक्ती काढली आणि पुढे गिअरचा मोठा कारखानाच उभारला. फ्रान्सच्या शर्यतीत धंदेवाईक स्वारांना गिअर बदलणाऱ्या यंत्राची मुभा मिळाली ती १९३७ साली. देग्रांज त्याच सुमारास सूत्रे खाली ठेवून बाजूला झाले होते.

आणि रोग्लिचला कोणी ढकलले त्याचे कौतुक करताना एझेन क्रिस्तोफलाही विसरू नये. १९१३ साली तूर्मालेच्या उतारावर याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही असा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरांहून अधिक चालत खालच्या गावी गेला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः चिमटा जोडला. दोन हातांनी लोखंड ठोकताना भाता कोण हलवणार? एका पोराने तो हलवला. एवढ्यासाठी त्याला दंड झाला!

हे सगळे ऐकून मी मुग्धाला म्हणालो, “उद्या मी चढतो.”

“काय?”

“तो तुझा झोंकोलान. मी चढतो.”

माझ्या बोलण्यात फ्रिकोचा अंश किती आणि पुणेरीपणाचा किती, हे मला सांगता येणार नाही. झोंकोलान हा कार्नियातलाच डोंगर. ओव्हारो गावाकडून चढ १०.१ किलोमीटरांचा, आणि तेवढ्यात सुमारे बाराशे मीटर वर जायचे. सर्वांत खडी जागा बावीस टक्क्यांची. जिरो शर्यत इथे पहिल्यांदा २००३ साली दुसऱ्या बाजूने आली आणि २००७ साली या भयंकर बाजूने. दोन्ही वेळा जिल्बेर्तो सिमोनी जिंकला. बायकांची शर्यत मात्र त्यांच्याही आधी, १९९७ सालीच इथे येऊन गेली होती.

तर असा मी मिस्त्रीपुढे उभा होतो. ‘जो असेल तो’ हे माझे उत्तर त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि मुग्धामार्फत तीन प्रश्न विचारले. वय किती? वजन किती? बरोबर सामान किती?

“त्रेसष्ट. अडुसष्ट किलो. सामान काही नाही, पाण्याची बाटली.”

त्याने चौतीसला चौतीसची सायकल काढून दिली. देग्रांजांनी घातलेली मर्यादा ओलांडून मला अठरा वर्षे झाली होती, तेव्हा माझी काही तक्रार नव्हती.

मुग्धा मोटार घेऊन पलीकडच्या बाजूने माथ्यावर गेली. मी निघालो. लियारीस या गावापर्यंत सगळे ठीक होते. एक आजीबाई अंगणात कपडे वाळत घालीत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, ती कौतुकाने असावी असे मी धरून चाललो. गाव संपले आणि रस्ता भिंतीसारखा उभा राहिला. वळणावळणांवर जुन्या सायकलवीरांच्या तसबिरी लावलेल्या. आपल्याकडे घाटात ‘वाहने सावकाश हाका’ असते, इथे वीरपुरुष तुमच्याकडे रोखून पाहत असतात. दोन्ही बाजूंना बीचची दाट झाडी, वारा नाही, माझ्या श्वासाखेरीज आवाज नाही. मिनिटाला जेमतेम चाळीस फेरे, म्हणजे ताशी पाच किलोमीटर. एक फुलपाखरू बराच वेळ माझ्या पुढे चालले होते. मग कंटाळून निघून गेले.

चौथ्या-पाचव्या किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी पुढचे चाक उचलल्यासारखे झाले, सायकल डुलली, आणि मी उतरलो.

उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. आणि बावन्न वर्षांपूर्वीचा कात्रजचा घाट डोळ्यांपुढे आला.

१९७२ साल. मी अकरा वर्षांचा. अण्णा शाळेत मास्तर, वय बरोबर पंचेचाळीस. खेड शिवापूरला आत्याकडे निघालेलो. एसटीचे पैसे वाचवायचे म्हणून सायकल. पुढे हँडलला पिशवीत आत्यासाठी गूळ आणि शेंगदाणे, मागे कॅरिअरवर मी. घाट सुरू झाला आणि अण्णा उतरून सायकल ढकलू लागले. तेवढ्यात आमच्या वाड्यातले एक काका शेजारून सायकल दामटीत, उभ्याने पायडल मारीत पुढे गेले. जाताना मला हात केला. आणि मी म्हणालो, “अण्णा, ते बघा, ते नाही उतरले. तुम्हीच कसे उतरता?”

अण्णा काही बोलले नाहीत. मी उतरू का, असे विचारल्यावर एवढेच म्हणाले, “तू बस.”

हे वाक्य मला कायम आठवत होते, पण त्याचा अर्थ मी आपल्या सोयीने लावला होता. अण्णा थोडे कच्चे. व्यायाम नाही, कारकुनी प्रकृती. पुढे कॉलेजात मी तोच घाट एकट्याने न उतरता चढलो तेव्हा घरी येऊन मुद्दाम सांगितले होते. अण्णांनी “वा!” म्हटले आणि वर्तमानपत्र उलटले.

आता झोंकोलानवर सायकल ढकलताना मिस्त्रीचा तिसरा प्रश्न आठवला. बरोबर सामान किती?

मी चालता चालता रुमालावरचे गणित करू लागलो. अण्णांच्या सायकलीला पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा. दुसरा गिअर नाही. पायडलच्या एका फेऱ्यात पाच मीटरांहून जास्त. म्हणजे माझ्या आजच्या हप्त्याच्या अडीचपट, तोही प्रत्येक फेऱ्याला. सायकल वीस किलोंची. गूळ-शेंगदाणे पाच किलो. आणि कॅरिअरवर सव्वीस किलोंचा एक मुलगा, वाड्यातले काका उतरले नाहीत म्हणून विचारणारा. काकांच्या कॅरिअरवर त्या दिवशी काहीच नव्हते.

अण्णा एकटे असते तर उतरले नसते. निदान माझ्यासारखे चौथ्या किलोमीटरला तरी नाही. आणि उतरल्यावरही त्यांनी ओझे खाली ठेवले नाही. ‘तू बस’ म्हणाले.

मी तसबिरींच्या एका वळणावर सायकल टेकवून बसलो. अण्णांना जाऊन एकोणीस वर्षे झाली. हे त्यांना सांगायला हवे होते, आणि सांगायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मागून एक इटालियन जोडपे हळूहळू चढत आले. बाईंनी काही विचारले. बहुधा बरे आहे ना, असे. मी मान हलवली. डोळ्यांत घाम गेला होता असे त्यांनी समजावे, अशी माझी इच्छा होती.

माथ्याच्या जवळ तीन लहान बोगदे लागतात. तिथे चढ जरा सैल होतो. मी पुन्हा सायकलीवर बसलो. बोगद्यातल्या गारव्यात आणि अंधारात चेनची कटकट घुमत होती. कात्रजच्या जुन्या घाटालाही वर बोगदा आहे. त्यातून बाहेर पडल्यावर शेवटची एक खडी उसळी, आणि एकदम दोन्ही बाजूंना गवताचे उतार असलेले मोठे नाट्यगृहासारखे मैदान. शर्यतीच्या दिवशी इथे हजारो लोक बसतात. त्या दिवशी मुग्धा एकटीच होती, पण टाळ्या तिने हजारांच्या वाजवल्या.

“मामा, उतरलात का कुठे?”

“उतरलो. दीड-दोन किलोमीटर चाललो.”

“चालायचंच. सगळे उतरतात.”

उतारावर सायकल हाकायचे धैर्य मला झाले नाही. सायकल मोटारीवर बांधली आणि आम्ही खाली आलो. मिस्त्रीने चेन पुसता पुसता विचारले, “गिअर पुरला का?”

“मला पुरला,” मी म्हणालो. पुढचे त्याला इटालियनमध्ये कसे सांगावे, हे मुग्धालाही कळले नसते.

त्या दिवशी कात्रजच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर अण्णा थांबले होते. धोतराच्या सोग्याने त्यांनी मान पुसली, पिशवी सारखी केली, सायकलीवर टांग टाकली, आणि मागे वळून न पाहता म्हणाले, “आता उतार आहे. मला घट्ट धर हं.”